देवळी का दिवळी

अख्खं जालना ज्यांना 'सूतभर मिस्तरी' म्हणायचं, त्यांनी मला सांभाळलं. हे आधीच लिहून टाकते. पुढचं सांगताना मी घाबरून काही गाळलं, काही पुढंमागं केलं, तरी ही एक ओळ जागेवर राहील.

मी त्यांना काका म्हणायचे. जुन्या जालन्यात त्यांचं दुकान होतं. होते सुतारच, पण काळाप्रमाणे पाटीवर 'इंटिरियर' लिहून घेतलं होतं. रंगवणाऱ्याने ते 'इंटेरियर' करून ठेवलं. मी पहिल्याच आठवड्यात ते दाखवलं, तेव्हा पाटीकडे न बघताच म्हणाले, "ऱ्हाऊ द्या ताई. एका मात्रेनं काय घर पडतंय व्हय?"

सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. हे मलाही तिथेच कळलं. कपाट बसलं, पॉलिश वाळलं, गिऱ्हाईक पेढे घेऊन आलं, तरी काकांना विचारा, "झालं का काम?" उत्तर ठरलेलं. "झालंच. सूतभर ऱ्हायलं." काय राहिलंय ते कधी सांगायचे नाहीत. पानाच्या टपरीवरची पोरं त्यांची नक्कल करायची. "लग्न झालं का रं तुझं?" "झालंच. सूतभर ऱ्हायलं."

मी मूळची कोकणातली, मालवणच्या अलीकडची. आठवीनंतर शाळा सुटली. नवऱ्याला इथे सळयांच्या कारखान्यात काम लागलं म्हणून दोन मुलींना घेऊन आले. इथलं ऊन, इथलं पाणी, इथली भाषा, कशातच माझा पाय ठरत नव्हता. भाजीवाली म्हणायची, "ही कोकणी बाई नाकातून पैशे देती." हसण्यावारी न्यायचे, पण घरी येऊन कमी बोलायचे. अशात कारखाना बंद पडला. शिवणकाम घ्यावं म्हटलं, तर मशिनच्या टेबलाचा पाय मोडलेला. तो घेऊन मी काकांच्या दुकानात गेले.

मी बोलत होते आणि ते माझ्या तोंडाकडे एकटक बघत होते. मला भीतीच वाटली. मग म्हणाले, "कामाला येता का? वही लिहायची. गिऱ्हाईक काय म्हणतंय ते जसंच्या तसं उतरायचं."

"माझं शिक्षण आठवीच आहे हो."

"मंग? आठ सुताचा एक इंच. तुमचा इंच पुरा झाला की."

माझ्या शिक्षणाला पुरं म्हणणारा तो पहिला माणूस. आजवर दुसरा भेटलेला नाही.

मलाच का घेतलं, ते महिनाभराने समजलं. काकांना ऐकू येत नव्हतं. तीस-पस्तीस वर्षं लाकूड कापायच्या मशिनपाशी उभं राहून दोन्ही कान गेले होते. ते ओठ वाचायचे. "तुमचं तोंड उघडतंय बोलताना," एकदा सांगितलं त्यांनी. "इथं बिलकुल न्हाई. गुटखा धरून बोलतेत सगळे. मला काय दिसंल कप्पाळ?" ही गोष्ट त्यांनी कोणालाही कळू दिली नव्हती. बहिऱ्याला आपलं घर कोण सांगणार? म्हणून गिऱ्हाईक बोलायचं, मी वहीत लिहायचे, आणि मोठ्याने वाचून दाखवते आहे असं करत काकांकडे तोंड करून परत म्हणायचे. मी त्यांचा कान होते. पगार त्याचाच होता.

बाकी सगळी मापं वहीत नाही, सुतळीत. "भिंतीला टेप, माणसाला सुतळी," असं म्हणायचे. एका घराला एक सुतळी. घरच्या बाईच्या कोपराच्या उंचीवर एक गाठ, ती ओट्याची. घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाच्या गुडघ्यापाशी दुसरी, ती पलंगाची. दुकानाच्या मागच्या भिंतीवर खिळ्यांना शेकडो सुतळ्या लोंबायच्या. कुठल्याही सुतळीवर चिठ्ठी नाही. हात लावला की सांगायचे, "ही जाफराबादची. सासूसुना. दोन ओटेवाल्या."

ती गोष्ट खरी आहे. सून म्हणाली होती, मला माझ्या उंचीचा ओटा पाहिजे. सासू म्हणाली, मंग मी काय लोंबकळून सैपाक करू? मी वहीत दोघींचं लिहून घेतलं आणि हसू आवरत बसले. काका हसले नाहीत. दोघींचे कोपर मोजले आणि एकाच ओट्याचे दोन भाग केले, एक चार बोटं उंच, एक खाली. वर्षभराने आम्ही त्या बाजूला गेलो तेव्हा सासू दारातूनच म्हणाली, "मिस्तरी, तुमच्या पायरीनं भांडण मिटलं बघा. आता ती तिकडं, मी हिकडं. फक्त मीठ मागाया बोलतो."

असली मागणी घेऊन लोक काकांकडेच यायचे. इतर दुकानांत हसतात, हे त्यांना ठाऊक असायचं. एका व्यापाऱ्याला मोरीला दोन दारं हवी होती, पाहुणे आले की मागच्या मागे सटकायला. एका म्हाताऱ्याला स्वयंपाकघरातून एसटी स्टँड दिसेल अशी खिडकी हवी होती. लेक कुठल्या गाडीने येईल नेम नव्हता. काका म्हणायचे, "गिऱ्हाईक येडं नसतंय ताई. आपल्याला ऐकू येत न्हाई." हे वाक्य ते गंभीर चेहऱ्याने बोलायचे आणि मग एकटेच गालात हसायचे.

एक साठीच्या काकू आल्या होत्या. त्यांचे यजमान गेले होते. त्यांनी सांगितलं, डबल बेड मधून कापा. अर्धा ठेवा, अर्धा न्या. काकांनी का ते विचारलं नाही. कापला, कडेला नवी पट्टी मारली, दोन पाय लावून दिले. दुसरा अर्धा दुकानात आणून चादरीखाली झाकून ठेवला. चांगलं सागवान होतं, दोघातिघांनी मागितलं. काका देईनात. मी विचारलं तेव्हा म्हणाले, "त्या येतील कधीतरी." खरंच आल्या, वर्ष उलटल्यावर. त्या अर्ध्या पलंगावर बसल्या, आम्ही मागवलेला चहा घेतला, चादर नीट केली आणि गेल्या. काकांनी तो अर्धा पलंग पुन्हा झाकून टाकला.

त्यांचा आणखी एक नेम होता. गिऱ्हाइकाचं आडनाव विचारायचं नाही. मी पहिल्यांदा वहीत आडनावाचा रकाना आखला तर त्यांनी त्यावर आडवी रेघ मारली. "आडनावानं फर्निचर बसत न्हाई. उंची इचारा." म्हणून आमच्या वहीत माणसं अशीच असायची. दोन ओटेवाल्या. खिडकीवाले आजोबा. आणि वाटूरच्या बाई.

आता तेच सांगायचं आहे. इतका वेळ मी तेच टाळत होते.

वाटूरच्या बाई म्हणजे जिल्हा परिषदेच्या शाळेतल्या मुख्याध्यापिका, नुकत्याच निवृत्त झालेल्या. जालन्यात नवं घर बांधून घेतलं होतं. आम्ही गेलो तेव्हा घरात अजून काही नव्हतं. ना फोटो, ना खुर्ची. फरशी कापायचं मशिन चालू होतं. बाईंनी पलंग, कपाट, पुस्तकांची मांडणी असं नेमकं सांगितलं. शिक्षिकाच त्या. मग जाता जाता, थोड्या अडखळून म्हणाल्या, "आणि हॉलमध्ये एक दिवळी पाहिजे. माझ्या आईची होती तशी. मोठी नको."

मी तो शब्द कधी ऐकला नव्हता. आमच्याकडे भिंतीतल्या खळग्याला कोनाडा म्हणतात. मला ऐकू आलं ते देवळी. देवळी म्हणजे देवाचं छोटं देऊळ, माझ्या मनाने लगेच ठरवलं. आईची होती, म्हणजे आई पूजा करत असणार. तसं लिहिलं.

संध्याकाळी दुकानात काका वही वाचत होते. त्या शब्दावर त्यांचं बोट थांबलं. "ताई, देवळी का दिवळी?"

मला फरक माहीत नव्हता. विचारता आलं असतं, दिवळी म्हणजे काय हो काका? पण कोकणी बाईला एवढंही कळत नाही, असं होईल. ज्या एका कामासाठी ठेवलंय तेच येत नाही, असं होईल. नवरा घरी बसलेला. मी म्हणाले, "देवळीच. देवाची."

"नीट ऐकलं ना?"

"नीट ऐकलंय."

परत त्यांनी विचारलं नाही. आपल्या कानावर कोण संशय घेतं?

अकरा दिवस त्यांनी ती देवळी स्वतःच्या हाताने केली. सागवानी, वर छोटा कळस, दोन पितळी घंटा, खाली कोरलेलं स्वस्तिक. कामावर जीव होता त्यांचा. बसवायच्या दिवशी बाई, त्यांचा मुलगा, फरशीवाला, वायरमन, रंगारी असे सगळे घरात होते. तोवर बाईंचं सामानही आलं होतं. आम्ही देवळी आत घेऊन गेलो आणि समोरच्या भिंतीवर मला दोन तसबिरी दिसल्या. एक बाबासाहेबांची, एक भगवान बुद्धांची.

मी देवळीची माझ्या बाजूची कड खाली टेकवली.

मुलाने देवळीवर गुंडाळलेला कागद काढला. खालची घंटा किणकिणली. तो म्हणाला, "हे काय आहे?" मग आईकडे वळला. "आई, तू सांगितलंस हे?" बाईंनी नाही म्हणून मान हलवली. मग तो काकांच्या अगदी समोर आला. "कोणी सांगितलं तुम्हाला आमच्या घरात देऊळ बसवायला? माहीत नव्हतं का मुद्दाम केलं? आमच्या आजोबांनी देव सोडले आणि तुम्ही परत आणून देता काय?"

तो फार भरभर बोलत होता. काकांना त्यातलं किती समजलं, कोण जाणे. त्यांनी मुलाकडे पाहिलं, देवळीकडे पाहिलं, समोरच्या तसबिरींकडे पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं. माझा चेहरा वाचायला त्यांना ओठ लागले नाहीत.

मला बोलायचं होतं. खरंच सांगते, शब्द तोंडात आले होते. मी लिहिलं, माझं चुकलं. एवढेच चार शब्द. पण मी हातातल्या वहीकडे बघत राहिले.

काका मोठ्याने बोलले. बहिरी माणसं मोठ्याने बोलतात, पण ते एरवी जपून हळू बोलायचे. त्या दिवशी नाही. "चूक माझी. मला ऐकू येत न्हाई. दोन्ही कानांनी बहिरा हाय मी. बाई दिवळी म्हणल्या, मी देवळी समजलो."

फरशीवाल्याने मशिन बंद केलं. वायरमन शिडीवरून खाली बघायला लागला. मी आल्यापासूनच सात वर्षं झाकलेली गोष्ट त्यांनी भर हॉलमध्ये उघडी केली. आणि चुकीची ती कबुली खोटी होती, कारण त्या दिवशी बाई काय म्हणाल्या ते त्यांनी ऐकलंच नव्हतं. ऐकणारी मी होते.

बाईंनी देवळीवर कागद परत ओढला. मग मुलाला म्हणाल्या, "तू जरा थांब." आणि काकांना, "मिस्तरी, आधी सांगायचं होतंत. शाळेत मी अशा लेकरांना पहिल्या बाकावर बसवायचे." त्यांनी काकांना स्वतःच्या पुढ्यात खुर्ची दिली आणि सावकाश, ओठ उघडून बोलल्या. काकांना दिसेल असं.

वाटूरच्या घराची भिंत मातीची होती, हातभर जाड. आई दुसऱ्याच्या रानात कामाला जायची. शाळा सुटून लेक घरी यायची तेव्हा घरात कोणी नसायचं. भिंतीत एक दिवळी होती, कुत्र्याचं तोंड पोचणार नाही आणि नऊ वर्षांच्या पोरीचा हात पोचेल एवढ्या उंचीवर. आई त्यात फडक्याखाली भाकर ठेवून जायची. "हात घातला की भाकर लागायची," बाई म्हणाल्या. "एकही दिवस रिकामी लागली नाही. आई स्वतः जेवून जायची का नाही, ते मात्र मी कधी विचारलं नाही."

काकांनी खिशातून सुतळी काढली. "बाई, गुडघ्यावर बसा."

"काय?"

"नऊ वर्साच्या व्हा. हात वर करा. भाकर घ्या."

निवृत्त मुख्याध्यापिका नव्या फरशीवर गुडघे टेकून बसल्या आणि भिंतीला लागून त्यांनी हात वर केला. काकांनी त्यांच्या बोटांपाशी सुतळी धरून गाठ मारली. मुलगा तोंड फिरवून खिडकीबाहेर बघायला लागला.

भिंत चारच इंचांची होती, तिच्यात दिवळी खोदली तर पलीकडच्या खोलीत निघाली असती. काकांनी ती पूर्ण भिंत आतल्या बाजूने नऊ इंच जाड केली, एका भोकासाठी. मातीचा हात दिला, कडा गोल केल्या. बाईंनी राहायला आल्या दिवशी त्यात भाकर ठेवली, काकांना काढायला लावली आणि अर्धी मला दिली. ती मी कशी गिळली, माझं मला माहीत.

घरी परतताना रिक्षात मी म्हणाले, "काका, तुम्ही असं का केलंत?" ते म्हणाले, "तुमचं घर चालतंय याच्यावर. माझं काय? लोक काय म्हणतेत ते मला तसं बी ऐकू येत न्हाई."

लोक म्हणायचं ते म्हणालेच. वायरमनने टपरीवर सांगितलं, टपरीने जालन्याला. "कपाट सांगितलं तर तिरडी करून देईल," असले विनोद. हातातली दोन कामं गेली. एका जुन्या गिऱ्हाइकाने फोनवर मलाच विचारलं, "ताई, इतकी वर्षं बहिऱ्याला सांगत होतो का आम्ही?" जसं काही त्यांची कपाटं त्या दिवशी वाकडी झाली. मी तेव्हाही खरं बोलले नाही. सहा महिन्यांत दुकान बंद झालं. गावाकडे जायच्या आधी काका एका शिकलेल्या डिझायनर मॅडमकडे गेले आणि माझ्यासाठी शब्द टाकला. "हिच्यासारखं ऐकणारं जालन्यात कुणी न्हाई." माझ्या देखत म्हणाले. मी खाली बघत उभी.

तिथेच मी आज काम करते. मुली शिकतायत. मॅडम गिऱ्हाइकाचं बोलणं मोबाईलवर टिपतात, तरी मी वहीत लिहिते, आणि न कळलेला शब्द दहादा विचारते. मॅडम चिडतात. चिडू देत.

गेल्या महिन्यात मी तीर्थपुरीला गेले. काका तिथे राहतात, पत्र्याच्या छताच्या दोन खोल्यांत, एकटेच. शेजारी पुतण्या आहे. दार वाजवलं. परत वाजवलं. उन्हात उभी राहून वाजवत राहिले. मग पुतण्याची बायको बाहेर आली. "दार वाजवून उपयोग न्हाई ताई. मागून जा, खिडकीपुढं उभ्या ऱ्हा. सावली पडली की वळतेत."

मी मागे गेले. काका पाठमोरे बसून सुतळी गुंडाळत होते. कोपऱ्यात ती देवळी होती, कळसाची, घंटांची. देव नव्हते तिच्यात. जालन्याच्या सगळ्या सुतळ्या भरून ठेवल्या होत्या. माझी सावली त्यांच्या हातांवर पडली आणि ते वळले.

"कवा आल्ता?"

"आत्ताच."

"खोटं. बोटं लाल झालीत वाजवून."

हीच वेळ होती. मी त्यांच्यासमोर बसले आणि ओठ उघडून म्हणाले, "काका, त्या दिवशी मी बोलायला पाहिजे होतं."

त्यांनी हाताने झटकून टाकलं. "झालं ते झालं. सूतभर ऱ्हायलं असंल."

चहा झाल्यावर मी म्हटलं, दाराला बटण बसवते, दाबलं की आत दिवा पेटेल, म्हणजे कोणी आलेलं कळेल. "माझ्याकडं कोण येतंय," ते म्हणाले. मग सुतळीकडे बघत, "परवा कुणीतरी येऊन वापस गेलं म्हणं. कोण व्हतं, कळलं न्हाई. दोन दिस तेच डोक्यात." मी वही काढली, सवयीने. ते बघून हसले आणि गिऱ्हाइकासारखे नीट बसले.

"लिहा मंग. लई उजेड नको. भस्सकन पेटला तर मी दचकीन. हळू पेटला पाह्यजे. दारात माणूस खाकरतंय ना, तसा."

मी जसंच्या तसं लिहून घेतलं. दोनदा वाचून दाखवलं. ते "बराबर" म्हणाले. निघताना ते खुर्चीत बसले असताना त्यांच्या डोळ्यांची उंची मी सुतळीने घेतली आणि गाठ मारली. ती सुतळी आता माझ्या घरात खिळ्याला आहे. जालन्यातल्या वायरमनला विचारलं, खाकरल्यासारखा दिवा करून देतोस का? तो हसला. दुसऱ्याला विचारलंय. तोही हसला, पण बघतो म्हणाला.

काकांच्या खोलीची भिंतही चार इंचांचीच आहे. ती मी जाड करून घेईन. गाठीच्या उंचीवर दिवळी करीन, मातीच्या गोल कडांची, आणि दिवा तिच्यात बसवीन. त्याआधी वाटूरच्या बाईंच्या घरी जाईन. चारचौघांत, मोठ्याने, ओठ उघडून सांगेन की ती मात्रा माझी होती. मिस्तरींनी नाही, मी चुकीचं ऐकलं. मग बाईंना तीर्थपुरीला घेऊन येईन आणि बटण त्यांनाच दाबायला लावीन. काका, एवढं मी देणं लागते, आणि एक दिवस ते फेडणार आहे.